ज्वारीच्या स्टार्चचे ऑक्सिडेशन आणि अमिनेशन : माझा अनुभव

काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात मातीमोल भावाने जाते. तिच्यातील स्टार्चचा उपयोग व्हावा, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. कुरोड्यांसाठी गव्हाचा चीक काढतात तसाच हा स्टार्च काढला. तळाच्या पांढऱ्या थरावर प्रथिनांचा तपकिरी थर बसतो. तो खरवडून उरलेला स्टार्च सौम्य कॉस्टिकच्या आणि मग साध्या पाण्याने धुतला, कारण प्रथिनांतील नायट्रोजन पुढच्या मोजणीत मिसळला असता.

ऑक्सिडेशनसाठी वापरलेले सोडियम मेटापरआयोडेट स्टार्चच्या साखळीतील ग्लुकोज घटकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनमधील बंध तोडते आणि तेथे दोन आल्डिहाइड गट (अमाइनशी सहज जोडले जाणारे गट) तयार होतात. 16.2 ग्रॅम कोरड्या स्टार्चमध्ये असे 0.1 मोल घटक असतात. त्यांपैकी 30 टक्केच बदलायचे असल्याने 6.4 ग्रॅम परआयोडेट पुरले. ही अभिक्रिया अंधारात करावी लागते, म्हणून फ्लास्कला काळा कागद गुंडाळला. मे महिन्यातील आमच्या उन्हात द्रावण तापवण्यापेक्षा थंड ठेवणेच कठीण. त्यासाठी फ्लास्क माठातल्या पाण्याच्या टपात ठेवला आणि वीज गेली की काचेच्या कांडीने ढवळत राहिलो.

माझ्या मते या संपूर्ण कामाचा कस धुण्यात लागतो. उरलेले परआयोडेट इथिलीन ग्लायकॉलने संपवले, तरी आयोडेट मागे राहतेच. म्हणून प्रत्येक धुण्याच्या पाण्याचे काही थेंब घेऊन त्यांत आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइड टाकत असे. आयोडेट असेल तर आयोडीन सुटून पिवळसर तपकिरी रंग येतो. तो रंग येणे पूर्ण थांबल्यावरच हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड मिसळून, सुटलेल्या आम्लाच्या अनुमापनाने आल्डिहाइड मोजले.

अमिनेशनसाठी, म्हणजे या आल्डिहाइड गटांवर नायट्रोजन असलेले अमाइन जोडण्यासाठी, अल्कोहोलमध्ये इथिलीन डायअमाइन वापरले. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, त्यामुळे हे काम वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करावे. ऑक्सिडाइज्ड स्टार्चच्या साखळ्या अल्कलीत तुटू लागतात, म्हणून हा टप्पा थंडाव्यात आणि थोड्या वेळात उरकला. आल्डिहाइड आणि अमाइन यांच्यात होणारा इमाइन बंध आम्लात पुन्हा सुटतो. तो पक्का करण्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड चिमटीचिमटीने घातले, कारण एकदम घातल्यास हायड्रोजनचा फेस काठाबाहेर येतो.

आमच्या सरांच्या सांगण्यावरून ऑक्सिडेशन न केलेला स्टार्चही अमिनेशनच्या याच सर्व पायऱ्यांतून नेला होता, आणि ती सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. भुकटीत नुसते अडकलेले अमाइनसुद्धा नायट्रोजन मोजण्याच्या जेल्डाल पद्धतीत मोजले जाते. तुलनेचा नमुना नसता, तर वाढलेल्या आकड्यावर मला विश्वास ठेवता आला नसता. साध्या नमुन्यात नायट्रोजन जवळजवळ आढळला नाही. दोन्ही भुकट्या मोरचुदाच्या फिक्या द्रावणात टाकून नंतर पाण्याने धुतल्या, तेव्हा साधा स्टार्च पांढरा झाला आणि अमाइनयुक्त भुकटीने तांब्याचा निळा रंग धरून ठेवला.