बाटलीतलं ग्लायसिलग्लायसिन

त्या सकाळी कंट्रोलच, म्हणजे मोजणी बरोबर आहे का हे पाहायला रोज लावायचा ठरलेला नमुनाच, घसरला. मूत्रपिंडाच्या अर्कातलं जीजीटी, म्हणजे गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज, आम्ही तेव्हा रोज मोजत होतो. हे विकर (एन्झाइम) सब्स्ट्रेटवरचा, म्हणजे ज्यावर ते काम करतं त्या पदार्थावरचा, ग्लुटामिल गट उचलून ग्लायसिलग्लायसिन या छोट्या पेप्टाइडवर ठेवतं. मागे मोकळं राहिलेलं पॅरा-नायट्रोॲनिलिन पिवळं असतं, आणि ४१० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा किती वेगाने चढतो ते पाहायचं. उचललेला गट घ्यायला ग्लायसिलग्लायसिन नसेल तर विकर जवळजवळ अडून बसतं. आमच्या कंट्रोलचा वेग त्या दिवशी नेहमीच्या निम्म्याच्याही खाली होता.

पहिला संशय विकरावर जाणं साहजिक होतं. गोठवून ठेवलेली नवी नळी काढली, वेग तोच. सब्स्ट्रेट ताजं केलं, तरी तोच. तेव्हा माझ्याबरोबर काम करणारी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, काल बफरचा पीएच जास्त लागला होता. नऊच्या पुढे. बाटली फ्रिजमधून नुकतीच काढलेली होती, म्हणून थंडीमुळे असेल असं वाटलं. आम्ल घालून ८.२ वर आणला."

तिचं कारण पोकळ नव्हतं. आमचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ग्लायसिलग्लायसिनचाच होता. त्याचा पीकेए (ज्या पीएचला त्याच्या निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो) २५ अंशांना ८.२ च्या जवळ असतो आणि तापमान एक अंशाने उतरलं की तो साधारण ०.०२५ ने चढतो. थंड बफरचा पीएच खरोखरच जास्त असतो. मीटरचं आपोआप होणारं तापमान-समायोजन इथे कामाला येत नाही, कारण ते इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं. द्रावण स्वतः बदललं असेल तर ते बदललेलंच दाखवतं. पण कागदावर गुणाकार केला तर पाच अंशांच्या बाटलीत वाढ होते फार तर अर्ध्या एककाची, म्हणजे ८.७. नऊच्या पुढचं काय? हा गुणाकार आदल्या दिवशी कुणी केला नव्हता, आणि आम्ल घातल्यामुळे ती खूण पुसलीही गेली होती.

मी बाटली खिडकीसमोर धरून हलवली. तळातून रेशमासारखी एक लाट उठली, फिरली आणि विरली. ज्याने एकदा जिवाणूंची वाढ अशी प्रकाशात पाहिली आहे त्याला ती लाट पुन्हा ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तरी एक थेंब काचेवर घेतला. बारीक दंडगोल सरळ रेषेत पोहत होते.

मला हे पचायला वेळ लागला, कारण हा पदार्थ मी आयुष्यभर टिकाऊ म्हणून शिकवत आले आहे. दोन ग्लायसिन, मध्ये एक पेप्टाइड बंध, रेणुभार १३२.१२. यापेक्षा साधं डायपेप्टाइड नाही. १९०१ मध्ये एमिल फिशर आणि एर्नेस्ट फुर्नो यांनी दोन ग्लायसिनचं वलय उघडून ते तयार केलं, आणि पेप्टाइड रसायनाची वाट तिथून रुंद झाली. पांढरे स्फटिक, पाण्यात चटकन विरघळतात, अल्कोहोलमध्ये नाही. हाताळताना मोजे आणि धूळ नाकात जाऊ न देणं, एवढीच काळजी. तो बंध नुसत्या पाण्याने, साध्या तापमानाला, तुटायला शेकडो वर्षं लागतात. म्हणूनच आम्ही ०.२ मोलरचा स्टॉक (साठवणीचं द्रावण), अर्ध्या लिटरला १३.२ ग्रॅम, आठवडेच्या आठवडे ओट्यावर ठेवत होतो आणि फ्रिजमध्ये तो अगदी अलीकडे गेला होता. पाण्याला जमत नाही ते जिवाणूंचं पेप्टिडेज मात्र सहज करतं. त्यांच्यासाठी त्या बाटलीत कार्बनही होता, नायट्रोजनही. अर्काला लागलेली पिपेटची टिप घाईत पुन्हा स्टॉकमध्ये बुडवली गेली असेल, तर उरलेलं क्षार आणि फॉस्फेटही आम्हीच पुरवलं.

आता हे दाखवायचं कसं? विद्यार्थिनीने बाययुरेट ही प्रथिनांची चाचणी सुचवली. मी नको म्हटलं. त्या चाचणीचा जांभळा रंग यायला किमान दोन पेप्टाइड बंध लागतात, आणि इथे शाबूत रेणूतही एकच. आम्ही टायट्रेशन केलं. पंचवीस मिलिलिटर ताजं ०.२ मोलर ग्लायसिलग्लायसिन, एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. अडीच मिलिलिटरला पीएच ८.२, पाचच्या पुढे एकदम उसळी, पुस्तकातला आलेख. मग जुना स्टॉक. आठच्या आसपास जिथे पीएचने रेंगाळायला हवं होतं तिथून तो भराभर वर गेला आणि ९.७ च्या जवळ जाऊन थबकला. ती जागा ग्लायसिनच्या अमाईनची. तिथून पुढे ब्युरेट उतरत राहिलं, उतरत राहिलं, आणि मीटर हलायला तयार नाही. एका रेणूचे दोन झाले की अमाईन गटही दुप्पट होतात, ते डोळ्यांसमोर घडत होतं.

खात्रीसाठी पातळ थराची पट्टीही चालवली; तिच्यावर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. अमाईनला रंग देणारं निनहायड्रिन फवारून तापवल्यावर ताज्या द्रावणाचा ठिपका आधी पिवळसर उमटला आणि मग हळूहळू जांभळ्याकडे वळला. ज्या पेप्टाइडच्या अमाईनच्या टोकाला ग्लायसिन असतं ते असंच वागतं. जुन्या द्रावणात त्याच्या जरा वर एक ठसठशीत ठिपका होता, सुरुवातीपासूनच जांभळा. शेजारी लावलेल्या शुद्ध ग्लायसिनच्या अगदी रांगेत. पिवळा ठिपका होता, पण शोधावा लागला. विद्यार्थिनी पट्टी हातात घेऊन बराच वेळ काही बोलली नाही.

नवा स्टॉक त्याच दुपारी केला. तोलण्याआधी डब्यावरचं लेबल मोठ्याने वाचलं, कारण याच पदार्थाचं हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटही मिळतं आणि त्याचा रेणुभार १८६.६ आहे, दोन्हींचे ग्रॅम सारखे धरले तर सगळंच चुकतं. पीएच पंचवीस अंशांना लावला, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक नळ्यांमध्ये दहा-दहा मिलिलिटर भरलं आणि नळ्या उणे वीसवर ठेवल्या. एक नळी एका दिवसाची, उरलं तर टाकून द्यायचं. कंट्रोल पहिल्याच फेरीत जागेवर आला.

संध्याकाळी वही मागे मागे उलटत गेले. कंट्रोल त्या सकाळी कोसळला नव्हता. आधीचे नऊ दिवस तो रोज थोडा थोडा उतरत होता, आणि प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर चालण्यासारखाच होता. खाली सही माझी होती. मी ते आकडे रोज पाहिले, पण एकाखाली एक मांडून पाहिले नाहीत, याची टोचणी मला अजून आहे. त्या नऊ दिवसांचे सगळे नमुने आम्ही लाल रेघेने बाद केले. त्यातल्या ज्या ऊतींचा तुकडा उरला होता ते पुन्हा मोजता आले. चार नमुन्यांचं काहीच उरलं नव्हतं. त्या चार ओळींपुढे विद्यार्थिनीने कारण लिहिलं, तारीख टाकली, आणि मी खाली सही केली.