केंड फुगला नाही, बरं झालं

अमामी ओशिमाला निघताना मनात एकच हौस होती: केंड मासा टम्म फुगलेला बघायचा. होडीतच गाइडने बजावलं, "त्याला डिवचायचं नाही. लांबून बघायचं." मी जरा हिरमुसलो.

जपानच्या या बेटाजवळ १९९५ साली डायव्हरना समुद्रतळाच्या वाळूत दोन मीटर व्यासाची गोल नक्षी दिसली. ती कोण काढतं, याचा उलगडा व्हायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. कारागीर निघाला वीतभरही नसलेला नर केंड! २०१४ साली त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली.

वीसेक मीटर खाली तो दिसला. वाळूत पोट घुसवून, पर फडफडवत चर पाडत होता. सात ते नऊ दिवस हेच काम. मादी येऊन मधल्या मऊ वाळूत अंडी घालते, आणि ती फुटेपर्यंत राखण नरच करतो.

इतक्या उघड्यावर, इतका सावकाश पोहणारा जीव टिकतो कसा? केंडाला बरगड्या नसतात. संकट आलं की तो भराभर पाणी गिळतो, जठराच्या घड्या उलगडतात आणि गिळायला आलेल्याच्या तोंडात न मावणारा चेंडू तयार होतो. त्यात कातडीवरचे काटे उभे राहतात. शिवाय या कुळातल्या अनेक माशांत टेट्रोडोटॉक्सिन असतं. मज्जातंतूंमधले संदेश सोडियमच्या ज्या बारीक मार्गांवर चालतात, ते मार्ग हे विष बंद करतं आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही. विष बनवतात जिवाणू, केंडाला ते खाण्यातून मिळतं. त्याचे स्वतःचे सोडियमचे मार्ग मात्र असे बदललेले असतात, की त्याला ते बाधत नाही.

पण फुगणं फुकट नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २०१४ साली आढळलं, की फुगताना छोट्या केंडांची ऑक्सिजनची गरज पाच पटींपर्यंत वाढते आणि पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तास लागतात. फोटोसाठी त्याला फुगवणाऱ्यांचा मला आता खरोखर राग येतो. हे वाचलं त्या रात्री, खोलीवर परतल्यावर. गाइड का अडवत होता ते तेव्हा कळलं.

खाली असताना एवढंच पाहिलं: त्याने तोंडात शिंपल्याचा तुकडा धरला, वाळूच्या एका कंगोऱ्यावर नेऊन ठेवला आणि पुढच्या चराकडे वळला.