दोन आरशांची फाईल

पाण्याखालचा आवाज ऑप्टिकल फायबरने टिपायचा, हा माझा पीएचडीचा विषय. नागपुरात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या कॉलेजच्या भांडार विभागातही तोच आला. "मॅडम, इथं समुद्र कुठून आणून राहिले तुम्ही?" बरं, हा प्रश्न तोंडीच राहिला असता तर चाललं असतं. तो फाईलवर शेरा म्हणून आला. शेऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलेली फाईल पुन्हा तळापासून वर चढते.

लेझर, कपलर, फायबरचं रीळ हे सगळं विनातक्रार आलं. अडले ते दोन फॅराडे आरसे.

फायबर मऊ नळकांड्यावर गुंडाळतात. आवाजाचा दाब आला की नळकांडं किंचित दबतं, फायबरची लांबी बदलते आणि आतल्या प्रकाशाची कला (फेज), म्हणजे लहरीचा टप्पा, सरकते. शांत ठेवलेल्या दुसऱ्या फायबरमधल्या प्रकाशाशी ती ताडायची. दोन्ही फायबरच्या टोकाला एकेक आरसा, तो प्रकाश परत पाठवतो. पण गुंडाळलेल्या फायबरमध्ये प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, भरकटतं. दोन्हीकडून परतलेल्या किरणांची ध्रुवणं एकमेकांना काटकोनात आली, तर व्यतिकरणच (लहरी एकमेकींत मिसळून प्रकाश कमी-जास्त होणं) होत नाही आणि सिग्नल गायब. फॅराडे आरसा ध्रुवण जाताना ४५ अंश, येताना पुन्हा ४५ अंश फिरवतो, त्यामुळे वाटेतला घोळ परतीच्या वाटेवर फिटतो. साध्या आरशाला हे जमत नाही.

मागणीपत्रात मी हे सगळं लिहिलं होतं. तुलनात्मक तक्त्यात टाइप झालं फक्त 'फायबर मिरर'. मग काय, सर्वांत स्वस्त कोटेशन साध्या आरशाचं, तेच मंजूर करा! मी समजवायला गेले तर, "आरसा तो आरसाच ना मॅडम." साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, फाईल ऑडिटकडे. तेवढ्यात कोटेशनची मुदत संपली, म्हणजे तिन्ही पुन्हा मागवा. व्हरांड्यातल्या त्या लाकडी बाकाचा मला आजही राग येतो.

शेवटी गाईड सरांनी 'तांत्रिकदृष्ट्या अपात्र' असा स्वतंत्र तक्ता करून त्यावर विभागातल्या तिघांच्या सह्या घेतल्या. मग फाईल हलली. तुम्ही हा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा. 'आरसा' हा शब्द तर मागणीपत्रात येऊच देऊ नका. 'रिफ्लेक्टिव्ह फॅराडे रोटेटर, १५५० नॅनोमीटर' लिहा, म्हणजे कुणाला मत सुचत नाही.

समुद्राच्या शेऱ्याला मी उत्तर दिलं की चाचणी प्रयोगशाळेतल्या ड्रममध्ये होईल. ते खरंच होतं. पाण्यात १ किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण दीड मीटर, त्यामुळे ड्रमच्या भिंतींवरून प्रतिध्वनी फार येतात. म्हणून शेजारी प्रमाणित पिझो हायड्रोफोन (पाण्यातला नेहमीचा मायक्रोफोन) ठेवून तुलना करतो. अमेरिकेत १९७७ सालीच अशा फायबरच्या सेन्सरवर निबंध छापून आले होते. त्यांच्या प्रती मी फाईलला जोडल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत, पण फाईल जाड झाली आणि जाड फाईलला मान असतो.

अरे हो, फायबर जोडायला फ्यूजन स्प्लायसर विकत मागू नका. वस्तीत ब्रॉडबँडच्या लाइनी जोडणारा मुलगा गाठा, तो चहा पिता पिता जोडून देतो.

आणि फायबरची नोंद उपभोग्य वस्तूंत करून घ्या. माझं रीळ जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढलंय. आता दरवर्षी पडताळणीला कुणीतरी येऊन विचारतं, रिळावरचं बाकीचं फायबर कुठे गेलं? नळकांडं दाखवलं तर म्हणतात, उलगडून मोजून द्या.