चियाचं पाकीट फोडायच्या आधी जवसाचा डबा उघडा

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या सगळे चिया खाऊन राहिले. कोणी रात्री दुधात भिजवून राहिलं, कोणी लिंबूपाण्यात टाकून, आणि एका काकूंच्या मुलाने पुण्याहून क्विनोआ, केल पावडर, मोरिंगा पावडर असं अख्खं खोकं पाठवलं त्याचा फोटोपण येऊन गेला. चांगलंय, माझी काही तक्रार नाही. फक्त त्यातली मोरिंगा पावडर म्हणजे मुनग्याचा (पुण्याकडे शेवगा म्हणतात त्याचा) वाळवलेला पाला, ज्याचं झाड आपल्याच कंपाउंडच्या भिंतीला लागून उभं आहे आणि कचरा होतो म्हणून मागच्या मीटिंगमध्ये जे छाटायचा ठराव झाला, तेवढं ग्रुपवर लिहायचं होतं, नाही लिहिलं, इथे लिहून घेते.

पण मी "आपलं जुनं तेच खरं" वाल्यांतली पण नाही हं. आजीच्या हातचं आहे म्हणून ते आपोआप औषध होत नाही, आणि मेक्सिकोतून आलं म्हणून चिया वाईट होत नाही. माझं म्हणणं एवढंच की काय खाल्लं यावर आपण जेवढं बोलतो त्याच्या पाव हिश्श्यानेही ते कसं खाल्लं आणि कशासोबत खाल्लं यावर बोलत नाही, आणि अंगी लागतं की नाही ते बरंचसं तिथंच ठरतं.

जवसापासून सुरू करते. आमच्याकडे एखाद दिवशी भाजी नसली तरी चालतं पण जवसाची चटणी लागतेच. शंभर ग्रॅम जवसात साधारण २२-२३ ग्रॅम अल्फा लिनोलेनिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे झाडांमधून मिळणारं ओमेगा थ्री, आणि चियात ते १७-१८ ग्रॅम. फायबरमध्ये चिया पुढे आहे, त्यात ३४ ग्रॅमच्या आसपास आणि जवसात २७. म्हणजे दोघं तोलामोलाचे आहेत, भाव मात्र तोलामोलाचे नाहीत, चियाच्या एका छोट्या पाकिटाच्या पैशात आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारातून पिशवी भरून जवस येतो. बायकांना दिवसाला या ओमेगा थ्रीची १.१ ग्रॅम आणि पुरुषांना १.६ ग्रॅम गरज धरतात, आणि कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात तेवढं मिळून जातं. झालं, एका भाकरीसोबतची चटणी!

आता गोम अशी आहे की हे सगळं *कुटलेल्या* जवसाचं गणित आहे. सॅलडवर, दह्यावर, लाडवांत अख्खा जवस भुरभुरवलेला दिसतो ना, तो बराचसा जसा आत जातो तसाच बाहेर येतो, कारण त्याचं साल गुळगुळीत आणि कडक असतं आणि आपण काही एकेक दाणा चावत बसत नाही. चिया भिजून फुगतो म्हणून तो अख्खा बऱ्यापैकी चालून जातो. जवसाला मात्र मिक्सर नाहीतर खलबत्ताच पाहिजे.

माझी आई चटणी करते ती अशी, लोखंडी कढई, मंद आच, जवस टाकला की हात थांबवायचा नाही, आधी काहीच होत नाही आणि मग एकदम तडतड सुरू होते आणि दाणे कढईबाहेर उडायला लागतात, तेव्हा अजून थोडं हलवून उतरवायचा. एक दाणा दाताखाली धरायचा, कुरकुरीत तुटला तर झाला, चिकट लागला तर नाही. मग पूर्ण थंड होऊ द्यायचा, इथे सगळे घाई करतात आणि गरम जवस मिक्सरमध्ये घातला की तेल सुटून भांड्याच्या तळाला लगदा बसतो. लसूण, जिरं, मीठ आणि सुकी मिरची, आमच्याकडे भिवापुरी. एका वेळी आठवड्यापुरतीच करायची कारण कुटला की जवस लवकर खवट होतो, तो वास आला की फेकायची, जीव टांगणीला लावायचा नाही. भाजण्याचा अजून एक फायदा म्हणजे कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे काही घटक थोड्या प्रमाणात असतात, ते भाजल्यावर कमी होतात, म्हणून कच्चा जवस वाटीवाटीने खाऊ नये, दिवसाला चमचा दोन चमचे पुरे. आणि जवसाचं तेल आणलं असेल तर ते तळायला किंवा फोडणीला नको, गरम भाकरीवर कच्चंच घ्या, बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

हेही सांगून टाकते की माशातलं ओमेगा थ्री आणि हे एक नाही. आपलं शरीर जवसातल्यापासून माशातलं बनवतं खरं, पण फारच थोडं. त्यामुळे "जवस खाल्ला म्हणजे मासे खाल्ले" हे जे फॉरवर्ड येतं ते सोडून द्या. कोलेस्टेरॉल थोडं खाली यायला मदत होते आणि पोट साफ राहतं, चटणीकडून अजून काय पाहिजे बाप्पा.

मग अंबाडी. तूर डाळ आणि ज्वारीच्या कण्या टाकून शिजवलेली, वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी, सोबत भाकर आणि कांदा. यावर मी पानभर लिहू शकते पण मुद्दा लोहाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी. शंभरात सत्तावन्न! आयसीएमआर, म्हणजे देशातली वैद्यकीय संशोधन परिषद, बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगते आणि पुरुषाला १९. हा आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो त्याचं एक कारण हेच की भाज्या, डाळी, धान्यातलं लोह मांसातल्यासारखं सहज शोषलं जात नाही, शेकड्याला थोडंच आत जातं, बाकी वाया.

पण हे "थोडं" वाढवता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्याच जेवणात व्हिटॅमिन सी पाहिजे. भाजी शिजताना त्यातलं सी बरंच उडून जातं, म्हणून लिंबू ताटात पिळायचं, कढईत उकळायचं नाही. सांभारही वरून कच्चाच टाकायचा (पुण्याकडच्यांसाठी, कोथिंबीर). मोड आलेल्या मटकीचंही तेच, मोड आणले की लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि थोडं सी तयार होतं, वर लिंबू पिळलं की काम फत्ते. आणि जेवणानंतर संत्रं. आता नागपूरकर म्हणून हे लिहिताना हात जड होतो, पण सी मोजायला गेलं तर पेरूत संत्र्याच्या चौपट तरी असतं, आणि आवळा तर संत्र्याला उभंच राहू देत नाही. पण २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आपलं संत्रं सोलायला सोपं, लेकरं न सांगता खातात, आणि आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून, म्हणजे हिवाळाभर आणि उन्हाळा लागेपर्यंत स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटपासून गल्लीतल्या ठेल्यापर्यंत ढीग लागलेले असतात. फक्त फोडी खा, रस काढून चोथा फेकू नका.

आणि आता ज्यावर घरात भांडण होतं ते, चहा. जेवण झालं की ताटातच हात धुवून चहा मागायची आपल्याकडे पद्धतच आहे, आमचे बाबा तर शेवटचा घास तोंडात असताना विचारतात "चहा ठेवला का". जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातलं लोह शोषणं निम्म्याहून जास्त कमी करतो, चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे. म्हणजे अंबाडी निवडली, धुतली, शिजवली, फोडणी दिली आणि वर कपभर चहा पिऊन अर्ध्यावर पाणी फिरवलं. चहा सोडा असं मी म्हणूनच शकत नाही, मला घरात राहायचंय. तासभर थांबा, बस. बाबांना आत्ता आत्ता पटलं, ते पण डॉक्टरने सांगितलं तेव्हा, मी दोन वर्षं सांगत होते ते हवेतच.

उन्हाळ्यात चिवळ मिळते, ही भाजी पुण्या-मुंबईला माहीत नसेल, जमिनीला चिकटून पसरणारी, मुंगीएवढी पानं, लालसर देठ. मी गोकुळपेठ बाजारात एकदा मोठा ढीग उचलला तर भाजीवाली मावशी म्हणाली, "कायले एवढी घेता बाई, साफ कराले टाइम हाय का तुमच्यापाशी?" तिचं बरोबर होतं. पेपर अंथरून बसलं की अर्धा तास कमी पडतो, मुळाला माती, पानाच्या बेचक्यात माती, तीन-चार पाणी धुतली तरी कढईत कच्च लागतं की काय अशी धास्ती. पण चव! थोडी आंबट, डाळ टाकून, भाकरीसोबत. तिची मोठी बहीण म्हणजे घोळ, आणि घोळीची ख्याती अशी की पालेभाज्यांमध्ये जवसातलं ते ओमेगा थ्री तिच्यात चांगल्यापैकी असतं. मात्र घोळीत आणि पालकात ऑक्झलेट नावाचा, कॅल्शियमला धरून ठेवणारा घटक भरपूर, ज्यांना किडनी स्टोन होऊन गेलेत त्यांनी जपून. पालकातलं कॅल्शियम पण याच ऑक्झलेटमुळे जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून "हाडांसाठी पालक ज्यूस" वाल्यांना हात जोडून नमस्कार.

क्विनोआ पटकन उरकते. शंभर ग्रॅम कच्च्या क्विनोआत १४ ग्रॅम प्रोटीन, आणि शरीराला बाहेरूनच लागणारी सगळी अमिनो अ‍ॅसिडं त्यात आहेत म्हणून त्याचं कौतुक. ज्वारीत १० ग्रॅम आणि त्यातही लायसीन, म्हणजे त्या अमिनो अ‍ॅसिडांतलंच एक, कमी. पण तूर डाळीत २१-२२ ग्रॅम आणि लायसीन भरपूर, आणि डाळीत जे कमी पडतं ते ज्वारीत आहे. भाकर-वरण एकत्र खाल्लं की हिशोब जुळतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं म्हणून हॉटेलांत ज्वारीचा पिझ्झा वगैरे येऊन गेला, कालच्या भाकरीचा कुस्करा त्यापेक्षा बरा.

हळदीबद्दल मात्र थोडं कडू बोलते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय आहे, रंगाला आणि वासाला तोड नाही, आमच्याकडे तीच येते. पण हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याचं एवढं कौतुक होतं तो पिवळा घटक, साधारण दोन ते पाच टक्के, भाजीत आपण टाकतो पाव चमचा, आणि ते पण नीट शोषलं जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिलं तर माणसांमध्ये ते वीसपट शोषलं जातं, पण तो प्रयोग दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनवर होता, हळद-दुधाच्या कपावर नाही. म्हणून हळद तेलात परता, मिरं टाका, चवीने खा, आणि "हळदीने अमुक आजार बरा" म्हणणाऱ्या काकांना म्यूट करा. जास्त ताकदीच्या कॅप्सूल तर डॉक्टरला न विचारता नकोच, लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

मुनग्याचा पाला उरला. त्यातलं बीटा कॅरोटीन शरीरात गेल्यावर व्हिटॅमिन ए होतं, पण त्याला तेल लागतं, म्हणून पाण्यात पावडर ढवळून नाक दाबून पिण्यापेक्षा लसणाच्या फोडणीत परतलेला कोवळा पाला चांगला, नाहीतर थालीपिठात, मुलांना कळतही नाही.

झाडाचं आहे म्हणजे निर्धोक असंही समजू नका. लाखोळीची डाळ आपल्या विदर्भातलीच, वडे मस्त होतात, पण त्यात मज्जातंतूंना घातक घटक असतो आणि दुष्काळात जे लोक महिनोन् महिने मुख्यतः त्यावरच राहिले त्यांचे पाय कायमचे गेले, १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती त्यामुळेच. आणि घरात कोणी रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी घेत असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका, त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा हिशोब बिघडतो, आधी डॉक्टरशी बोला.

शेवटचं, आणि हे आमच्या शाकाहारी ग्रुपसाठी खास. बी-१२ यातल्या कशातच नाही. जवसात नाही, चियात नाही, मुनग्यात नाही, अंबाडीत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, दूधही सोडलं असेल तर तेही नाही. हातापायाला मुंग्या, सतत थकवा, विसरायला होणं असं काही असेल तर रक्त तपासून घ्या, आणि आकडा कमी आला तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या, भाजी वाढवून तो आकडा हलत नाही.