एका पायरीवर रोज १८० वेळा

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेवरची शीर अशी ओढली जायची की भिंत धरूनच न्हाणीघर गाठायचो. दहा-पंधरा पावलांत पाय मोकळा. धावतानाही पहिला किलोमीटर दुखायचं, मग विसरायला व्हायचं. म्हणूनच महिनाभर कानाडोळा केला.

आमचं घर गुहागरला, आगर संपलं की सुरूबन आणि पलीकडे किनारा. नोव्हेंबरात हाफ मॅरेथॉन धावायची होती, म्हणून असगोलीच्या दिशेने अनवाणी धावायचो. ओहोटीच्या कडक वाळूवर सगळं ठीक होतं. पण भरती असली तरी मी वरच्या भुसभुशीत वाळूतून जायचोच. तिथे टाच खोल रुतते आणि प्रत्येक पावलाला पोटरी जादा ओढते. त्यात आठवड्याचे २० किलोमीटर तीन आठवड्यांत ३५ वर नेले. वाळूला काय बोल लावायचा, हाव माझी!

काकूने आंबेहळद उगाळून लेप घातला. बरं वाटलं, लेप होता तोवर. तीन आठवडे धावणं बंद ठेवलं, दुखणं गेलं, पाच किलोमीटर धावलो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भिंत. असं दोनदा झालं. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. 'बघतो' म्हणून उठलो. त्याने ही शीर कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो, हे मागाहून कळलं.

शेवटी एसटीने चिपळूणला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. बाईंनी पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललं. "तुटलेली नाही." मग टाचेच्या चार-पाच सेंटीमीटर वर चिमटीत धरलं आणि मी ओरडलो. ॲकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी हीच शीर, तिचा मधला भाग. तिथे रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून सावकाशीचं काम. "नुसत्या विश्रांतीने दुखणं थांबतं, पण शीर धावण्याजोगी होत नाही. तिला हळूहळू वजनाची सवय लावायची."

व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, चांगल्या पायाने वर उठायचं आणि दुखऱ्या पायावर टाच पायरीखाली सावकाश सोडायची. गुडघा ताठ ठेवून १५ चे तीन फेरे, वाकवून तीन फेरे. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. रोजचे १८०. टाचेच्या हाडापाशीच दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, असं बाईंनी बजावून सांगितलं.

अंगणातली जांभ्याची पायरी यासाठी फार छान, खडबडीत, पाय सरकत नाही. जून उजाडला, तिच्यावर शेवाळ धरलं आणि एकदा साफ घसरलो. मग ओटीची पायरी पकडली. पुढे दुखेनासं झालं तेव्हा पाठीवर वजन घ्यायला सांगितलं. डंबेल कुठून आणणार? सॅकमध्ये सोललेले दहा नारळ भरले, पाचेक किलो झाले. "बाजारात निघालास का रे?" काकू रोज विचारायची.

कंटाळा भयंकर. आणि व्यायाम करताना दुखायचंही. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ताठरपणा वाढला असेल तर वजन कमी, हा बाईंचा नियम. त्यामुळे न्हाणीघरापर्यंतची ती चाल हाच माझा रिपोर्ट झाला. सातव्या आठवड्यात एकदा दात घासून झाल्यावर लक्षात आलं, आज भिंत धरलीच नव्हती.

नोव्हेंबरची शर्यत सोडली. घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

आता निघण्याआधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास ओहोटी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला बूट घालून उतरलो. दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं दहा वेळा. घरी येऊन सॅक उचलली आणि ओटीच्या पायरीवर उभा राहिलो.