साडेसातशे डिग्रीला ब्राँझचा ॲनोड: माझा अनुभव

इनर्ट ॲनोडवर, म्हणजे ॲल्युमिनियम काढताना जळून न संपणाऱ्या विजेच्या धन टोकावर, काहीही वाचायला घ्या, बहुतेक सगळी चर्चा अलॉयची (मिश्रधातूची) असते, कुठला धातू, किती टक्के, वरून कसलं कोटिंग. मी एमटेकला पुण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रकार स्वतः केलाय म्हणून सांगते, अलॉय बाजारात मिळतो हो, जीव खातो तो बाथ, म्हणजे ॲनोड ज्यात बुडवतात तो वितळलेल्या क्षारांचा द्रव.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲल्युमिनियम आजही १८८६ च्या हॉल-हेरू पद्धतीनेच काढतात, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (हा एक फ्लोराइड क्षार) साधारण ९६० डिग्रीला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, विरघळवायचा आणि करंट सोडायचा. ॲनोड कार्बनचा, तो स्वतःच जळत जातो, टनभर धातूमागे चारशे किलोच्या आसपास कार्बन संपतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. धातूचा ॲनोड लावला तर तिथे ऑक्सिजन निघतो. ऐकायला मस्त, पण कार्बन जळताना विजेला जी मदत होते ती जाते, त्यामुळे नुसतं थिअरीतलं व्होल्टेजच १.२ वरून २.२ च्या आसपास जातं. हे कोणी आधी सांगत नाही.

आमचा ॲनोड म्हणजे ॲल्युमिनियम ब्राँझ, तांब्यात दहा टक्के ॲल्युमिनियम. हा वितळतो हजाराच्या थोडा वर, म्हणजे ९६० च्या बाथमध्ये घालायची सोयच नाही, म्हणून क्रायोलाइटऐवजी पोटॅशियम फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम फ्लोराइडचं मिश्रण, जे ७००-७५० ला छान पातळ राहतं. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं त्यामुळे खाली धातू द्रवच मिळतो. यातली आयडिया मला फार आवडली होती, बाथ ॲनोडवरचा ऑक्साइडचा थर खात राहतो आणि आतलं ॲल्युमिनियम वर येऊन तो थर परत भरत राहतं. अमेरिकेतल्या अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत १९९० च्या दशकात या दिशेने काम झालंय.

रॉड मिळाला, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्न करायला दिला. टर्नर काका म्हणाले, "ताई, एवढं महागाचं ब्राँझ आणि तुम्ही ते ॲसिडसारख्या कशात तरी बुडवणार? त्यापेक्षा बुश करून देतो, वीस वर्षं चालतील." फिनिश मात्र आरशासारखं दिलं त्यांनी. बाथच्या पातळीवर, जिथे हवा, वाफ आणि मेल्ट एकत्र येतात, तिथे धातू सगळ्यात जास्त खाल्ला जातो, म्हणून वरच्या भागावर ॲल्युमिनाची नळी चढवली.

आणि मग जुलै. पोटॅशियम फ्लोराइड हवेतलं पाणी असं ओढतं की पावसाळ्यात गूळ सुटतो ना, तसं ते झाकण उघडल्या उघडल्या ओलं व्हायला लागतं. ओलं मीठ गरम केलं की नुसतं पाणी उडून जात नाही, फ्लोराइडशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तो भयानक आहे, त्याच्याशी मस्ती नाही. रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायचं, गरम असतानाच वजन करायचं, फ्यूम हूड चालू, आणि हायड्रोजन फ्लोराइडने भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी. जेल संपत आलं असेल तर रन घ्यायचाच नाही असा सरांचा नियम होता आणि तो बरोबरच होता.

बाथमध्ये ॲल्युमिना कायम सॅच्युरेशनच्या जवळ, म्हणजे जास्तीत जास्त विरघळेल तेवढा, ठेवावा लागतो. तो कमी झाला की मेल्ट आपली भूक ॲनोडच्या ऑक्साइडवर भागवतं. कमी तापमानाला विरघळतोच मुळात थोडा, पाच टक्क्यांच्या आसपास, आणि एकदम जास्त टाकला तर तळाशी चिखल होऊन बसतो. म्हणून मूसच ॲल्युमिनाची घेतली, तीच हळूहळू झिजून बाथला पुरवठा करते, आणि वरून मी चमच्याने चिमूट चिमूट पावडर सोडत बसायचे, एक डोळा व्होल्टमीटरवर.

दुसरी गोष्ट लाइटची. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे लहान मुलालाही माहितीये, पण इतर दिवशीही झटका येतोच. भट्टी जड असल्यामुळे मेल्ट काही मिनिटं तरी गोठत नाही, पण करंट तुटला की ॲनोडवर नवीन ऑक्साइड तयार होणं थांबतं आणि बाथ त्याला आरामात खातो. उपाय अगदी देशी केला, कारची बॅटरी, एक रेझिस्टर, एक डायोड, सप्लाय गेला की बॅटरीवरून थोडा करंट चालू राहतो. सर हसले पण रिपोर्टमध्ये सर्किट टाकायला लावलं.

निघतं किती? दहा अँपिअर तासभर दिले तर हिशोबाने जेमतेम ३.३५ ग्रॅम, प्रत्यक्षात त्याहून कमी. मूस फोडल्यावर टंगस्टनच्या कॅथोडला (ऋण टोकाला) चिकटलेला करडा मणी निघाला, फाईलने घासला की आतून लख्ख पांढरा. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते दाखवणाऱ्या मशीनवर, त्यात तांबं दिसलंच. साधं व्यापारी ॲल्युमिनियम ९९.७ टक्के शुद्ध लागतं, तिथपर्यंत आमचा मणी पोचला नाही. ॲनोड कापून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) पाहिला तर बाहेर कॉपरचे ऑक्साइड, आत ॲल्युमिनाचा पातळ थर, आणि जिथे नळी संपते तिथे खोल खड्डा. पुढच्या रनसाठी नळी बोटभर खाली घ्यायची ठरलीये आणि कॉपर-निकेल-आयर्नचा रॉडही कास्टिंगला दिलाय, पण फाउंड्रीवाला म्हणतोय दिवाळीनंतरच.