ठिपकीची शू, माझी वही आणि चुकीचं पाकीट

पहिला आठवडाभर मी ठिपकीवर चिडत होते. 10 आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरभर शू करणारच, हे मला मान्य होतं. पण ही बाई कागदावरून उठायची, दोन पावलं चालायची, परत बसायची, पाठ कमानीसारखी करून जोर लावायची आणि खाली उमटायचा जेमतेम नाण्याएवढा ओला डाग. मला वाटलं, हट्टी आहे. आई म्हणाली, "पाणी कमी दे गं तिला, आपोआप कमी करेल." मी रात्री 8 नंतर पाण्याची वाटी उचलून ठेवायला लागले. त्याची अजून लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

आठव्या दिवशी वही घेतली. दुपारी 2 ते 5 या तीन तासांत ती 19 वेळा बसली. पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं तितके तास शू धरू शकतं, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. जागं असताना, खेळताना, खाल्ल्यावर तो कोलमडतोच. तरी अडीच महिन्यांच्या पिल्लाने तीन तासांत 19 वेळा बसणं कुठल्याच हिशोबात बसेना. शिवाय शेवटच्या दोन डागांना गुलाबी झाक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या दवाखान्यात गेले. आदल्या दुपारी डब्यात धरलेली लघवी शहाणपणा करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली होती, ती दिली. ठिपकीचं रक्तही तिथेच काढलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या खनिजाचे क्रिस्टल, पांढऱ्या आणि तांबड्या पेशी, घनता म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.012, म्हणजे लघवी पातळ. रक्तात फॉस्फरस वाढलेला, युरिया थोडा वाढलेला, अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमपुढेही वर जाणारा बाण. डॉक्टर घाईत होते. अँटिबायोटिक लिहून दिलं आणि दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "किडनीकडे लक्ष ठेवा. किडनीचं डाएट सुरू केलंत तरी चालेल."

'तरी चालेल' हे शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत. किडनी हा एकच शब्द शिरला. येताना किडनीच्या खाण्याचं पाकीट घेऊनच घरी आले.

त्या रात्री मी वाचायला नको ते सगळं वाचलं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते, हे खरंच आहे. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस किडनीवर जातो, तेही खरं. 2007 साली पाळीव प्राण्यांच्या खाण्यात मेलामाइन मिसळलेलं निघालं होतं, त्याचे किडनीत क्रिस्टल होऊन कुत्री-मांजरं मेली होती आणि अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर माल परत मागवला गेला होता. मध्यरात्री हे वाचलं आणि उठून ठिपकीचं आधीचं पपी फूड अख्खंच्या अख्खं कचऱ्यात ओतलं. त्याचा 2007 शी काडीचा संबंध नव्हता.

पुढचे पाच दिवस नवीन पाकीट. ठिपकी ते नाक मुरडत खायची, म्हणून वरून उकडलेल्या चिकनचे तुकडे घालायचे. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं सिरप मी ती घरी आल्यापासूनच देत होते. किडनी धुऊन निघावी म्हणून दिवसातून तीनदा बिनमिठाचं चिकनचं पाणी. आणि शू सुधारली! डाग मोठे झाले, वेळा कमी झाल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की खाणं बदललं नि फरक पडला. गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी ठिपकी परत कमान करून बसली. पाकीट तर तेच चालू होतं.

मग दुसऱ्या डॉक्टर. या बाईंनी रिपोर्ट बाजूला सारला आणि आधी एकच गोष्ट विचारली, "जास्त करते की सारखी सारखी करते?" मला फरक कळेना. त्यांनी समजावलं: दर वेळी भरपूर आणि पाणीही ढसाढसा पिणं ही एक तक्रार, तिथे किडनी, रक्तातलं कॅल्शियम, हार्मोन असे विचार येतात. थेंब थेंब, वारंवार, जोर लावून ही वेगळी तक्रार, ती बहुतेक मूत्राशयाची किंवा त्याखालच्या मार्गाची. तिसरी तक्रार म्हणजे जोर न लावता झोपेतसुद्धा ओलं होणं. मादी पिल्लांत तसं दिसलं तर किडनीकडून येणारी मूत्रनलिका जन्मतः चुकीच्या जागी उघडते आहे का ते बघतात. माझ्या वहीत 19 वेळा आणि 'नाण्याएवढा डाग' असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. डॉक्टरकडे जाताना काय न्यावं असं कोणी विचारलं तर मी हीच वही म्हणेन.

मग रिपोर्टकडे वळल्या. "हे सगळे बाण मोठ्या कुत्र्यांच्या मापाने काढलेत." पिल्लाची हाडं वाढत असतात, त्यामुळे फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्तच असतात. क्रिएटिनिनचं, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या टाकाऊ पदार्थाचं, उलटं, स्नायू कमी म्हणून ते कमी असतं. म्हणजे क्रिएटिनिन मोठ्यांच्या मापात बसलं म्हणून पिल्लाच्या बाबतीत निर्धास्तही होता येत नाही. (ठिपकीचं पिल्लाच्या मानानेही ठीक होतं.) "युरियासाठी रक्त कधी काढलं?" पोटभर खाऊन तासाभरात. जेवणानंतर युरिया चढतो. "आणि लघवी? पाजली होती का काही?" दुपारची, वाटीभर पाण्यानंतरची. मग ती पातळ नसेल तर काय असेल! शेवटी फ्रीज. थंडीत ठेवलेल्या लघवीत स्ट्रुव्हाइटचे क्रिस्टल नंतरही तयार होतात, आणि थोडेफार तर निरोगी कुत्र्यांतही सापडतात. क्रिस्टल बघायचे तर लघवी ताजी हवी, अर्ध्या ते एका तासाच्या आतली.

मला हसू आलं आणि रडूही.

पण बाईंनी 'काही नाही' असं म्हटलं नाही. पेशी खऱ्या होत्या, रक्त खरं होतं, जोर लावणं खरं होतं. सोनोग्राफी लावून त्यांनी सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढली, कारण बाहेर धरलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, फसतं. मी डोळे मिटून घेतले होते. लसीच्या वेळी ठिपकी जास्त किंचाळली होती. पडद्यावर दोन्ही किडन्या दिसल्या, आकार वयाप्रमाणे, आतल्या थरांची सीमा स्पष्ट. मूत्राशयाची भिंत मात्र जाड, खडा नाही. काही जातींच्या पिल्लांत किडनी जन्मतःच नीट घडलेली नसते, ल्हासा आणि शिह त्झूत हे माहीत असलेलं आहे. एका सोनोग्राफीवर ते शंभर टक्के नाकारता येत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "उद्या पहाटेची पहिली लघवी आणा. रात्री जादा काही पाजू नका. पण पाण्याची वाटी उचलायची नाही." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मी पाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, चेहऱ्यावरच दिसलं असावं.

पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघरातला चपटा डाव घेऊन ठिपकीच्या मागे ओणवी. पहिले थेंब सोडायचे आणि मग डाव हळूच खाली सरकवायचा. पहिल्यांदा तिने डावावर पाय दिला. दुसऱ्यांदा डाव बघून ती शू विसरली आणि डावाशीच खेळायला लागली. तिसऱ्यांदा दोन चमचे मिळाले. घनता 1.036. किडनी बरीच बिघडलेली असती तर लघवी इतकी दाट करणं तिला सहसा जमलं नसतं. क्रिस्टल शून्य. त्या आकड्याने मला जितकं हलकं वाटलं तितकं नंतरच्या कुठल्याच रिपोर्टने वाटलं नाही.

कल्चर तिसऱ्या दिवशी आलं. ई. कोलाय हा जंतू, आणि आधी दिलेल्या अँटिबायोटिकला पुरेसं दाद न देणारा. म्हणून तो दबला आणि परत उठला. स्ट्रुव्हाइटचे खडे कुत्र्यांत बहुतेक संसर्गामुळेच होतात, पण ते युरिया फोडणाऱ्या जंतूंमुळे, स्टॅफिलोकोकस किंवा प्रोटियससारख्या. ई. कोलाय सहसा त्यातला नाही. म्हणजे ते क्रिस्टल माझ्या फ्रीजचेच होते असं मी धरते. तपासताना आणखी एक सापडलं: ठिपकीच्या शूच्या जागेवर कातडीची घडी होती, तिथे ओल साठायची. दिवसातून दोनदा ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडं करायला सांगितलं. वाढीबरोबर पुष्कळदा ती घडी सुटते, म्हणून नसबंदी कधी करायची ते पहिल्या माजानंतर बघू, असं ठरलं.

आता खाण्याबद्दल. माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच होती.

बाईंनी मला किडनीच्या पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली. बारीक अक्षरात लिहिलेलं: प्रौढ कुत्र्यांसाठी. मी समोरची बाजू दहा वेळा वाचली होती. या खाण्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असतात. थकलेल्या किडनीसाठी ते योग्य, पण वाढत्या हाडांना आणि स्नायूंना नेमकं तेच हवं असतं. पाळीव प्राण्यांच्या खाण्यासाठी अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे निकष बरेच ठिकाणी वापरतात. त्यात ओलावा वजा केल्यावर मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के प्रथिनं, वाढत्या पिल्लाला 22.5. कॅल्शियम मोठ्याला 0.5 टक्के, पिल्लाला 1.2. निरोगी पिल्लाची किडनी जास्त प्रथिनांनी बिघडते ही भीती निराधार, असं त्या ठामपणे म्हणाल्या.

ओलावा वजा करण्याची गोष्ट मला त्या दिवशीच कळली. डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिनं 10 टक्के बघून मी ते नाकारलं होतं. पण त्यात 78 टक्के पाणी. उरलेल्या 22 भागांत 10, म्हणजे 45 टक्के! वहीत हा भागाकार मी तीनदा केला.

मग सिरप. पूर्ण पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाचं आतडं जादाचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, त्याने किडनीची लघवी दाट करायची ताकद जाते, पुढे किडनीलाच इजा होते. म्हणजे किडनीच्या भीतीने वेगळं खाणं आणणारी मी, किडनीला खरा त्रास देऊ शकणारी बाटली चमच्याने पाजत होते. नशिबाने मात्रा थोडी होती, रक्तातलं कॅल्शियम ठीक निघालं. चिकनचं उलटं: नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. "मग सिरप आणि चिकन मिळून बरोबर होत असेल ना?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही मोजलं होतं?"

सिरप त्या दिवसापासून बंद. चिकन फक्त गोळी लपवण्यापुरतं. लघवी आम्लधर्मी करणारं 'युरिनरी' खाणंही नको, कारण विरघळवायला खडा नव्हताच, आणि ते पिल्लांसाठी बनवलेलंही नसतं. साधं, पाकिटावर 'वाढीसाठी संपूर्ण' असं लिहिलेलं पपी फूड, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी त्यात थोडं कोमट पाणी. किडनीच्या खाण्यावरून चार दिवसांत हळूहळू वळवलं, नाहीतर शी पातळ झाली असती. पाण्याच्या वाट्या तीन खोल्यांत तीन, रात्रंदिवस भरलेल्या. जागी असेल तेव्हा तासातासाने बाहेर. दर रविवारी वजन.

नवीन गोळीच्या तिसऱ्या दिवशी दुपारचा आकडा 19 वरून 5 वर आला. या वेळी श्रेय कुणाला द्यायचं ते मी कोणालाच सांगितलं नाही. कोर्स पूर्ण केला. संपल्यावर आठवड्याने परत सुईने लघवी, परत कल्चर, काही उगवलं नाही. पाचव्या महिन्यात आणखी एकदा रक्त: फॉस्फरसपुढे तोच वर जाणारा बाण. मी फोन केला नाही.

किडनीचं उरलेलं पाकीट बाईंच्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याला गेलं. पहाटेची लघवी महिन्यातून एकदा अजून तपासतो. आई तो चपटा डाव कधीपासून शोधते आहे. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि तो स्वयंपाकघरात परत जाणार नाही एवढंही नक्की.